आली होती की नव्हती

पितृपंधरवडा लागला की चाकणच्या रस्त्याकडेच्या मैदानांत नव्याकोऱ्या गाड्या नुसत्या उभ्या राहतात. या दिवसांत नवी गाडी दारात आणायला कोणी धजत नाही. कारखान्यांना मात्र म्हाळ कुठला माहीत असायला! त्यांचं काम तिन्ही शिफ्टमध्ये चालूच असतं, म्हणून गाड्या येत राहतात आणि रांगा वाढत जातात. नंबर नाही, सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही, आणि वरून भाद्रपदाचं ते चरचरीत ऊन. पाऊस बराचसा मागे सरलेला असतो, गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, आणि एसटीच्या खिडकीतून बघितलं तर त्या गवतावर गाड्यांची नुसती पांढरी छपरं दिसतात. घट बसले की झेंडूचे हार घालून सगळ्या निघून जातात. मला त्या मैदानाचं ते पंधरा दिवसांचं थांबणं आवडतं, का ते विचारू नका.

सिनेमाचंही असंच असतं. बडे लोक आपले सिनेमे दसऱ्या-दिवाळीला राखून ठेवतात आणि पितरांच्या पंधरवड्यात बिचारे लहानसहान सिनेमे थिएटरात येऊन जातात. त्यात भुताचे जास्त. मी आकुर्डीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला मराठी शिकवते आणि हौस म्हणून इथल्या एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहिते. माझे यजमान म्हणतात, पोरांचे पेपर तपासून हिची खाज भागत नाही, म्हणून ही सिनेमावाल्यांचे तपासते. म्हणू देत. पंचवीस वर्षांत त्यांनी एक सिनेमा जागेपणी शेवटपर्यंत पाहिलेला नाही.

गेल्या आठवड्यात वर्गात हजेरी घेत होते. मागच्या बाकावरच्या पोरींची कुजबूज चालली होती, म्हणून एकीला उभं केलं. तर ती म्हणते, "मॅडम, तो भुताचा जुना पिक्चर आता मोबाइलवर आलाय ना, त्याचं बोलत होतो. तुम्ही बघितलाय? शेवटी ती आई खरंच आलेली असते का हो?" सिनेमाचं नाव तिने घेतलं आणि माझं हजेरीतलं बोट जिथल्या तिथे राहिलं. "तुम्हाला काय वाटतं?" मी उलट विचारलं. उत्तर द्यायचं नसलं की आम्ही शिक्षक हेच करतो. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन बसले. डबा उघडला, तो तसाच झाकून ठेवला.

तो सिनेमा मी सहा वर्षांपूर्वी पाहिला, असाच पंधरवड्यात. माझ्या एका बाजूला माझी भाची सिद्धी बसली होती आणि दुसऱ्या बाजूला तिची नवी आई.

सिद्धी ही सुनीची मुलगी. सुनी माझी धाकटी बहीण. आम्ही दोघी चिंचवडात वाढलो. मी शिकत राहिले आणि सुनी चाकणच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात शेतकऱ्याच्या घरी सून म्हणून गेली. घरी कांदा, आणि दारात कंपनीची बस. गाड्यांच्या वायरी जुळवून त्यांना टेप गुंडाळायची एक कंपनी आहे, तिथे ती लायनीवर उभी राहायची. तिच्या बोटांना त्या टेपच्या डिंकाचा वास यायचा आणि घरी गेली की त्यावर कांद्याचा. मी नाक मुरडलं की मुद्दाम तीच बोटं माझ्या गालाला लावायची.

भुताच्या सिनेमांचं वेड खरं तिचं. मला लहानपणी त्यांची मनापासून भीती वाटायची. तीच मला ओढून न्यायची, आणि भुताची वेळ झाली की दोन्ही हात डोळ्यांवर ठेवून बोटांच्या फटीतून सगळं बघायची. हसायची काय, ओरडायची काय. मला म्हणायची, "ताई, तू ना, भुताच्या पिक्चरला पेपर तपासायला बसल्यासारखी बसतेस." मोठेपणी मी खरंच तशी बसायला लागले. एखाद्या सिनेमावर माझं लिहिलेलं छापून आलं की कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. मी झोडपलेला सिनेमा तिला हमखास आवडलेला असायचा.

दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला. डेंग्यू होता. पोरीसाठी किल्ल्याची माती आणून ठेवलेली, चकलीची भाजणी दळून आलेली, आणि सुनी दवाखान्यात. ती परत आली ती बोलत नव्हती. यापलीकडे मला त्यावर लिहिता येत नाही. इतक्या वर्षांत आलेलं नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि सुनीच्या नवऱ्याने, संतोषरावांनी, दुसरं लग्न केलं. केलं म्हणण्यापेक्षा त्यांच्या आईने लावून दिलं. घरात पोर लहान, शेत, गुरं, कांदा. कोणाचं काय चुकलं म्हणावं? वैशाली मावळातल्या एका खेड्यातली होती. वयाने सुनीहून बरीच लहान, सडसडीत, बोलकी. पहिल्याच भेटीत तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "ताई, मी बी तुमाला ताईच म्हणू ना?" मी हो म्हटलं. पण ती हाक आजवर फक्त सुनीची होती. तिचा काय दोष त्यात?

सिद्धी तेव्हा बारा वर्षांची होती. गणपती नुकतेच गेले होते, ती सुट्टीला म्हणून माझ्याकडे राहायला आली होती आणि वैशाली तिला न्यायला आली होती. मला दुपारच्या खेळाला त्या सिनेमाला जायचं होतं. सिद्धी म्हणाली, मीही येणार. मी म्हटलं, भुताचा आहे, तू दुसरं काहीतरी बघ. तर म्हणते, "माहितीये. त्यात आई परत येते. जाहिरातीत दाखवलं." मी वैशालीकडे पाहिलं. तिने मान हलवून सांगितलं, येऊ द्या. मग ती बिचारी भिऊन का होईना, पोरीसाठी आमच्याबरोबर आली.

थिएटर जवळपास रिकामं. मागे कॉलेजची चार पोरं, एक जोडपं आणि आम्ही तिघी.

सिनेमा असा होता. डोंगरातला एकटा बंगला. त्यात एक माणूस, त्याची मुलगी आणि नवी बायको. पहिली बायको वारलेली. मग भरदुपारी स्वयंपाकघरात बांगड्या किणकिणायला लागतात. फरशीवर ओली पावलं उमटतात. आरशात पांढऱ्या साडीचा पदर. नवी बायको खंगत जाते, मुलगी एकटीच कुणाशी तरी बोलत बसते. मग शहरातून मनाचा डॉक्टर येतो आणि उलगडा करतो की भूतबीत काही नाही, हे सगळं मुलीच्या मनाने उभं केलंय. ओली पावलं तिचीच, बांगड्या तीच वाजवते, आणि तिला स्वतःला ते ठाऊक नाही. शेवटच्या प्रसंगात डॉक्टर निघून जातो, घरातली माणसं अंगणात असतात, स्वयंपाकघर रिकामं असतं, आणि ओट्यावरच्या उघड्या दुधावर आपोआप झाकण येऊन बसतं. अंधार. पाट्या.

वैशालीने पूर्वार्धातच माझ्या मनगटावर नखांचे ठसे उमटवले होते. "अगं बाई, ताई, मागं हाय, मागं हाय!" असं ती पडद्यावरच्या बाईला ओरडून सांगत होती. मागची पोरं खिदळत होती. सिद्धी मात्र सरळ बसली होती. तिने डोळ्यांवर हात घेतले नाहीत की मान फिरवली नाही. गावाहून येणाऱ्या एसटीची वाट बघत फलाटावर उभं असलेलं माणूस बघतं, तशी ती पडद्याकडे बघत होती. डॉक्टरने उलगडा केला तेव्हा मात्र ती खाली बघायला लागली.

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. वैशालीच्या जिवात जीव आला आणि तिने आपला निकाल सांगितला. "मला सांगा ताई, त्या दुसऱ्या बायकोला काय कामधंदा न्हवता का? दिवसभर नुसती भितीय. मग सैपाक कोण करत हुतं? आन् पहिलीला भ्यायचं कशाला? मी तर रोज सकाळी ताईंच्या टाकाला कुंकू लावती, मंग चा घेती. मला न्हाई कधी भ्या वाटलं." त्यांच्या देव्हाऱ्यात सुनीचा चांदीचा छोटा टाक आहे. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीला आधी पूजायचं, अशी त्या घरची रीत. माझ्या इतक्या वर्षांच्या सिनेमालेखनात इतकं नेमकं वाक्य मी लिहिलेलं नाही. मी हसले, आणि मग मला हसण्याची लाज वाटली, कारण सिद्धी रडत होती.

तिने ग्लासातला रस तसाच ठेवला होता. मी तिला जरा बाजूला घेतलं. "घाबरलीस का गं?"

"नाही."

"मग?"

"मावशी, तो डॉक्टर खोटं बोलतो ना? ती आली होती ना?" आणि मी काही बोलायच्या आत, "दूध तिनेच झाकलं ना?"

मी म्हटलं, "सिनेमा आहे सोने तो."

"मला आईला एक सांगायचंय."

"मला सांग की."

"तुला नाही. आईलाच." मग डोळे पुसत म्हणाली, "जिजी म्हणते, पंधरवड्यात सगळे येतात. मग तीपण येईल. हो ना?"

जिजी म्हणजे तिची आजी, सुनीच्या सासूबाई. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ते काय होतं ते आठवत नाही, म्हणजे ते आठवण्यासारखं नसणार. त्या दोघींना चाकणच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीत सिद्धी आणि तिच्या शेजारी वैशाली, आणि मध्ये आमच्याकडून नेलेल्या करंज्यांचा डबा.

घरी येऊन मी लिहायला बसले. काय लिहिलं ते कात्रण आजही आहे. पूर्वार्ध बांधीव, उत्तरार्ध सैल. ध्वनीचा वापर नेमका, कुठे उगाच दचकवणं नाही. कॅमेरा दारं अर्धी उघडी ठेवतो आणि आपण त्या अर्ध्या अंधाराकडे बघत राहतो. डॉक्टरचं पात्र मात्र शिकवणीच्या सरांसारखं बोलतं, आणि मुलीचं काम करणारी मुलगी रडतानाही छान दिसायची काळजी घेते. शेवटी लिहिलं होतं, 'आली होती की नव्हती, हे दिग्दर्शकाने प्रेक्षकांवर सोडले आहे आणि हेच या सिनेमाचे बळ आहे.' साडेतीन तारे.

मानसिक भयपटाचं हेच मर्म असतं, असं आम्ही सिनेमावर लिहिणारे लोक मानतो. भूत खरं की मनातलं, हे न सांगणं यात मोठी कला. मीही मानत होते. पण लिहून झाल्यावर सिद्धीचा तो न प्यायलेला रस डोळ्यांपुढून हलेना. भुताच्या सिनेमात घाबरायचं कशाला, तर मेलेलं माणूस परत येतं म्हणून. ज्यांचं कोणी गेलेलं नाही त्यांच्यासाठी ते ठीक आहे. त्या पोरीला खरी धडकी भरली ती डॉक्टर म्हणाला की कोणी आलंच नव्हतं, तेव्हा. तिच्यासाठी भूत म्हणजे सुटकेची गोष्ट होती आणि उलगडा म्हणजे भय. सिनेमाने तिच्यापुढे दोन दारं ठेवली आणि एक डॉक्टरकडून लावून घेतलं. मला ते आधी दिसलं नव्हतं. दिसलं असतं तरी किती तारे द्यायचे ते कळलं नसतं.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध पंधरवड्यातल्या नवमीला असतं. तिची तिथी कुठलीही असो, तिचा म्हाळ नवमीचाच. त्या दिवशी एका सवाष्ण बाईला जेवायला बोलावतात. ती बाहेरची लागते, घरची सून चालत नाही. तिला साडी नेसवतात, हळदकुंकू लावतात, पाटावर बसवतात, आणि त्या जेवणापुरती ती बाई म्हणजे गेलेली बाई. घरातली लहानथोर तिच्या पाया पडतात. तिला आवडीचं वाढतात. ती पोटभर जेवून उठली की गेलेली तृप्त झाली.

सुनीचा तो पहिलाच म्हाळ होता. जिजींनी शेजारच्या एका बाईला सांगून ठेवलं होतं, पण त्या बाईंच्या भावकीत कोणी वारलं आणि त्यांना सुतक आलं. आदल्या दिवशी जिजींचा फोन. "तूच ये. भनीच्या जागंवर भन."

"असं चालतं का पण जिजी?"

"मी म्हंते म्हनून चालतं. ये तू."

जिजींशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून त्या गावात जन्मायचा आहे. मी रजा टाकली.

सकाळची उन्हं डोंगरावर आली होती आणि डोंगराला सोनकीचा पिवळा रंग चढला होता. वाड्यावस्त्यांवर ठिकठिकाणी धूर निघत होता, कौलांवर, पत्र्यांवर कावळ्यांसाठी पानं ठेवलेली. सुनीच्या अंगणात कांद्याच्या चाळीचा वास होता. उन्हाळ्यात भरलेला कांदा या दिवसांत कोंब धरायला लागतो, काही आतून सडतो, आणि निवडून बाजूला काढला नाही तर शेजारच्यालाही घेऊन जातो. तो वास नाकात गेला आणि मला वाटलं, सुनी आतून हाक मारील. मी जराशी थांबलेसुद्धा.

जिजींनी मला आतल्या खोलीत नेलं आणि हिरवी साडी पुढे केली. मी निऱ्या घालताना त्या म्हणाल्या, "पोरगी सांगत हुती, तुमी पांढऱ्या लुगड्यातलं भूत बघून आलाव. तो पिच्चर काढनारा येडा हाय का? सवाष्ण बाई पांढरं नेसून कशाला यील? माज्या सुनंला मी हिरव्या लुगड्यात घालवली. हातभर चुडा, कपाळभर कुंकू. आली तर हिरव्यातच यील." आणि माझ्या हातात बांगड्या चढवता चढवता त्यांचा हात थांबला. पदर डोक्यावरून घेतलेली मी त्यांच्यासमोर उभी होते. सुनीचं आणि माझं कपाळ एक, हनुवटी एक. म्हातारीने तोंड फिरवलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मी बाहेर येऊन पाटावर बसले. केळीचं पान, त्यावर भोपळ्याची भाजी, गवार, अळूवडी, वडे, खीर, आमसुलाची चटणी. संतोषराव पाया पडले, त्यांनी मान वर केलीच नाही. वैशाली पडली. तिने डोकं बराच वेळ टेकून ठेवलं. सिद्धी सगळ्यांच्या शेवटी आली. पाया पडली नाही. उभी राहून बघत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी पहिला घास घेतला. बायका अशा वेळी सवाष्णीशी फार बोलत नाहीत, तिला निवांत जेवू देतात. वैशाली कढी आणायला आत गेली, जिजी चुलीशी होत्या, संतोषराव कावळ्याचं पान घेऊन गच्चीवर गेले होते. सिद्धी मीठ वाढायला म्हणून वाकली ती माझ्या उजव्या बाजूला खालीच बसली. तोंड माझ्या कानाशी आणलं.

"आई," ती म्हणाली.

घास हातात राहिला.

"आई, मला पाळी आली."

काय झालं ते मला सांगता येत नाही. मी मावशी म्हणून विचार करत राहिले असते तर कदाचित तिला जवळ घेऊन समजावलं असतं, की बाळा मी तुझी मावशी आहे, वगैरे. पण माझ्या तोंडून विचार न करताच बाहेर पडलं, "कधी गं?"

"गणपती गेले त्या दिवशी. मी कुणाला सांगितलं नाही. मी आरतीचं ताट धरलं होतं." आणि मग तिचा बांध फुटला, आवाजही चढला. "मी विसर्जनाला पण गेले. मूर्तीला हात लावला. आई, काही होईल का?"

"दुखलं का फार?"

"थोडंसं."

"घाबरलीस?"

तिने मान हलवली. माझा उजवा हात खरकटा होता. मी डावा हात तिच्या पाठीवरून घेतला आणि तिला ओढून घेतलं. ते प्रश्न मी कोणाच्या वतीने विचारत होते, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी सिनेमाला साडेतीन तारे देऊन मोकळी झाले होते. इथे पोर माझ्या कुशीत हुंदके देत होती आणि तिच्यापुरती तिची आई आलेली होती.

चुलीपाशी जिजींनी सगळं ऐकलं होतं. त्या घरात बायकांना चार दिवस कशाकशाला हात लावायचा नाही याचा जिजींचा कायदा कडक होता. त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि आमच्यापाशी आल्या. सिद्धी अंग चोरून बसली. "गनपतीला काय सांगायला जाती," म्हातारी म्हणाली. "त्यालाबी आई हाय. त्याला कळतंय समदं." आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवून परत चुलीशी गेल्या. खोटं कशाला सांगू, पुढच्याच महिन्यात त्यांनी तिला लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नव्हता. पण त्या दिवशी त्या तेवढं बोलल्या.

वैशाली दारात होती. हातात कढीचं पातेलं. किती वेळ उभी होती देव जाणे. तिने पातेलं खाली ठेवलं आणि मागच्या दाराने निघून गेली.

मी जेवून उठल्यावर तिला शोधलं तर ती कांद्याच्या चाळीत बसलेली. सडके कांदे एकीकडे, चांगले एकीकडे. सणासारख्या दिवशी, नव्या साडीत. मी शेजारी टेकले. ती कांदा चाचपत म्हणाली, "रोज वेणी घालती मी तिची. डबा देती. तिचे कपडे धुती, ताई, मला कसं दिसलं न्हाई?" मग हातातला कांदा तिने टाकूनच दिला. "दिसलं असतं तरी मला न्हाईच सांगितलं तिनं. मेलेल्या आईला सांगितलं. मी हाय की हितं."

 मीही तिच्याबरोबर कांदे निवडायला लागले. दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओट्यावरून जिजी ओरडत होत्या, की आता कांदं काय निवडताय, कावळा शिवला, जेवून घ्या.

नंतरच्या दर नवमीला मीच जाऊ लागले. शेजारच्या बाईंचं सुतक केव्हाच फिटलं, पण जिजींनी पुन्हा दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही. दरवर्षी हिरवी साडी, दरवर्षी तोच पाट, आणि दरवर्षी मीठ वाढायला आलेली सिद्धी माझ्या उजव्या बाजूला बसायची. "आई," असं कानात म्हणून मग वर्षभराचं सांगायची. गणितात कमी मार्क पडले ते बाबांना माहीत नाही. मैत्रिणीने बोलणं सोडलं. एका वर्षी, एक मुलगा बसस्टॉपवर रोज बघतो, काय करू? मी कधी फार बोलले नाही. "मग?" म्हणायचं, "बरं," म्हणायचं, हात पाठीवर ठेवायचा. सुनी असती तर शंभर प्रश्न विचारले असते. मला तेवढंच जमायचं. पण खरं सांगते, मी वर्षभर त्या एका जेवणाची वाट बघायला लागले होते. त्या पाटावर बसलं की कोणीतरी मला सुनी समजायचं. सुनी मग काही वेळ होती. तिच्या पोरीचा आवाज तिच्या कानात जात होता, फक्त कान माझे होते.

सिद्धी आता माझ्याच कॉलेजच्या शेजारी इंजिनिअरिंगला आहे. गाडी चालवते, मला रस्त्यात दिसली की हॉर्न वाजवून जाते. वैशालीला ती मम्मी म्हणते. दोघींचं फोनवर दिवसातून तीनदा बोलणं होतं. भाजीत मीठ जास्त पडलं तर काय करायचं, इथपासून. जिजी आता अंथरुणावरूनच हुकूम सोडतात.

परवा नवमी झाली. मी पोचले तेव्हा स्वयंपाकघरात वैशाली आणि सिद्धी वडे थापत होत्या आणि कशावर तरी हसून हसून वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी विचारलं, काय झालं? "काय न्हाई ताई, आमचं चाललंय," वैशाली म्हणाली आणि सिद्धीने तिला कोपराने ढोसलं. काहीतरी होतं त्यांचं. मुलीने आईला सांगितलेलं काहीतरी. मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं, हे आधी सांगते.

मी साडी नेसले, पाटावर बसले. सगळे पाया पडले. जेवायला लागले आणि सवयीने जरा डावीकडे सरकून उजवीकडे जागा केली. मीठ वैशालीने वाढलं. सिद्धी आतबाहेर करत होती, भाजी आणत होती, जिजींना पाणी देत होती. मी सावकाश जेवत होते. इतकं सावकाश की खिरीवर साय धरली.

मग ती भाताचं पातेलं घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली, बसली नाही. चांगल्या मोकळ्या, मोठ्या आवाजात म्हणाली, "मावशी, भात वाढू अजून?"

त्या पाटावर मला कोणी मावशी म्हटलं नव्हतं. ती सहज म्हणाली होती, तिला त्याचं काही नव्हतंच. तिला माझ्या कानात सांगायचं काही उरलं नव्हतं, आणि ते उरू नये अशीच तर मी सहा वर्षं देवाकडे मागणी केली होती. तरीही माझ्या डोळ्यांपुढचं पान पाण्यात बुडालं. आमची सुनी दवाखान्यातून आली त्या दिवशी मी रडले होते, पण ती आता गेली.

"वाढ की, इचारतीस काय!" आतून वैशाली ओरडली.

पोट केव्हाच भरलं होतं. मी "वाढ" म्हटलं आणि मान खाली घालून भात शिताशितापर्यंत संपवला, कारण नवमीच्या पानावर काही टाकायचं नसतं.